उचकीचा तारा

"ताई, आता बघा. बसली का न्हाय फिट?"

दत्तू वेल्डर शिडीवरून खाली उतरला, काळा चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे शाबासकीच्या अपेक्षेने पाहू लागला. कॉलेजच्या फाटकावर लोखंडी कमान उभी राहिली होती. तिच्यावर 'प्रा. य. धों. खरमाटे सर सेवापूर्ती गौरव सोहळा' अशी अक्षरं होती आणि अक्षरांच्या डोक्यावर, मुकुटासारखी, एक लांबलचक लोखंडी रेघ. ती रेघ म्हणजे सरांच्या ताऱ्याचा आलेख. बराच वेळ आडवी सरळ, मग एकदम वर उडालेलं टोक, पुन्हा सरळ, पुन्हा टोक. निदान कागदावर मी तसं काढून दिलं होतं. दत्तूने ती उलटी जोडली होती. टोकं खाली लोंबत होती.

"दत्तूभाऊ, उलटं लागलंय."

"उलटं कसं? अक्षरं तर वाचता येत्यात की."

"अक्षरं सुलट आहेत. वरची रेघ उलटी आहे. टोकं वर पाहिजेत."

"वर टोकं काढली तर कावळं बसत्यात, ताई. खाली बरी दिसत्यात. तोरणावानी."

मी त्याला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. ती उलटी रेघ मी ओळखत होते. एमएस्सीला असताना पुस्तकात पाहून पाहून पाठ झालेली आकृती होती ती. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात, एक दुसऱ्याच्या आड जातो, उजेड कमी होतो; बाहेर येतो, उजेड पूर्ववत. ग्रहण. सरळ, खड्डा, सरळ, खड्डा.

"काय झालं, ताई? काढू का राहू दे?"

"काढा," मी म्हणाले. "नाही, राहू दे. थांबा जरा. मी येते."

आणि मी कॉम्प्युटरच्या खोलीकडे पळत सुटले. दत्तूने मागून विचारलेलं मला ऐकू आलं, की थांबण्याचे पैसे वेगळे होतील.

ही सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. माण तालुक्यात पाऊस आडवाटेच्या पाहुण्यासारखा येतो, चहासुद्धा न घेता जातो. त्यामुळे पिकांचे हाल, पण आभाळ लख्ख. या आभाळाचा उपयोग करायचं पहिल्यांदा खरमाटे सरांच्या मनात आलं. त्यांनी गावाबाहेरच्या माळावर चौदा इंची दुर्बीण बसवली आणि तिच्यावर घुमट केला तो दूधसंघाच्या भंगारात निघालेल्या टाकीच्या झाकणाचा. घुमट फिरवायचा म्हणजे दोन माणसांनी खांदा लावून ढकलायचा. माळावर वीज नव्हती. जीपच्या बॅटऱ्या नेऊन काम चालायचं. मी, वैजयंती गोंजारी, तिथे सरांच्या हाताखाली पीएचडी करत होते.

सरांनी तिथून दहाबारा वर्षं एकच तारा धरला होता. नुसत्या डोळ्यांनी दिसतही नाही असा, यादीत नुसता नंबर असलेला. तो तारा दर तीन-चार दिवसांनी, अगदी ठरल्या वेळी, काही तासांपुरता उजळायचा आणि पुन्हा शांत व्हायचा. असा तारा कोणी पाहिला नव्हता. सरांचं म्हणणं, त्याच्या पृष्ठभागावर लहान लहान स्फोट होतात. का होतात, आणि घड्याळ लावल्यासारखे कसे होतात, याची सरांनी सात कारणं मांडली होती. ती सगळी माझ्या प्रबंधात यायची होती.

तालुक्याला कारणांशी देणंघेणं नव्हतं. दूधसंघाचे चेअरमन भगवानराव काटकर एका भाषणात म्हणाले, "आपल्या सरांच्या ताऱ्याला उचकी लागती," आणि तेव्हापासून तो उचकीचा तारा झाला. एस. टी. स्टँडवर लोक सरांना विचारायचे, "काय म्हणती उचकी?" सर घड्याळात बघून सांगायचे, "उद्या संध्याकाळी." आणि ती यायची.

आता सर निवृत्त होत होते. भगवानरावांनी दूधसंघाकडून माळाला एक इलेक्ट्रॉनिक कॅमेरा दिला होता आणि गौरव सोहळ्यात ते माळावर वीज नेण्याचीही घोषणा करणार होते. जुन्या उपकरणाने एका वेळी एकच तारा मोजता यायचा. नव्या कॅमेऱ्यात आभाळाचा एक तुकडा, त्यातल्या पन्नासेक ताऱ्यांसकट, एकदम यायचा. त्याच आठवड्यात आम्ही त्याच्यावर पहिली उचकी पकडली होती. सरांनी आनंदाने माळावरच पेढे वाटले होते. खाणारे आम्ही दोघंच.

कॉम्प्युटर सुरू व्हायला त्या काळी वेळ लागे.

ताऱ्याचा उजेड मोजायचा म्हणजे कशाशी तरी ताडून बघावा लागतो, कारण हवा कधी निवळ असते, कधी धुरकट. म्हणून शेजारचा एखादा न बदलणारा तारा धरायचा आणि त्याच्या मानाने आपला किती, ते काढायचं. बाजारात कांदे तोलताना एका पारड्यात वजनाचा दगड ठेवतात, तसा. आता समजा कांदे तेवढेच आहेत, पण दगडच मधूनमधून हलका होतोय. तराजू काय सांगेल? कांदे वाढले.

मी कॅमेऱ्यातल्या त्या चित्रांत सरांचा तारा त्याच्या दगडाशी, म्हणजे त्या शेजारच्या ताऱ्याशी, न ताडता इतर दहा ताऱ्यांशी ताडून पाहिला. सरांचा तारा ढिम्म हलला नाही. मग दगड ताडला. ऐन उचकीच्या वेळी तो खोल विहिरीत गेल्यासारखा मंद झाला होता आणि नंतर हळूहळू वर आला होता.

मी तीनदा तपासलं. चौथ्यांदा तपासायचं धाडस झालं नाही.

स्फोट नव्हतेच. सरांच्या ताऱ्याला कधी उचकी लागलीच नव्हती. शेजाऱ्याला ग्रहण लागत होतं.

परवा सोहळा होता. दूधसंघाने पत्रिका गावोगाव वाटल्या होत्या.

सरांच्या घरी गेले तर बाहेरच्या खोलीत सर हात पसरून उभे होते आणि शिंपी त्यांच्या अंगावर नवा जोधपुरी कोट टाचण्या लावून बसवत होता. एक बाही लागली होती, दुसरी शिंप्याच्या खांद्यावर होती. खुर्चीवर भगवानराव भाषणाची तयारी करत होते.

"आल्या का? ताईंचा अभिप्राय घ्यायला पाहिजे," ते म्हणाले. "ऐका, ताई. उचकी लागती म्हंजी कोणीतरी आठवण काढतं. मग या ताऱ्याची आठवण कोण काढतं? तर आपला माण तालुका. कसं वाटतंय?"

"छान आहे," मी म्हणाले. "सर, जरा बोलायचं होतं."

"बोल की."

"ताऱ्याबद्दल."

"मग सगळ्यांसमोर बोल. यांचाही आहे तो."

शिंपी म्हणाला, "सर, श्वास सोडू नका." मी स्वयंपाकघरात गेले.

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी इंदुमतीबाई, भाकऱ्या थापत होत्या. त्या कन्याशाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि बोलताना शब्द मोजून वापरायच्या. मी त्यांना सगळं सांगितलं. दगडाचं, कांद्याचं, ग्रहणाचं. त्यांनी भाकरी उलटली.

"नक्की?"

"तीनदा बघितलं, काकू. सोहळा होऊन जाऊ दे का? मग सावकाश सांगते. विजेची घोषणाही होऊन जाईल."

"आणि सोहळ्यात ते काय बोलतील? स्फोट."

"हो."

"आणि नंतर तू सांगशील, स्फोट नव्हते. म्हणजे सगळ्या तालुक्यासमोर त्यांना खोटं बोलायला लावून."

मी परातीतलं पीठ बोटाने सारखं करू लागले.

"आत्ताच सांग," काकू म्हणाल्या. "जेवायच्या आत. जेवण झालं की ते कुठलीच गोष्ट मनावर घेत नाहीत, झोपतात."

"त्यांना फार लागेल."

"लागेल की. मी आहे इथं."

मी बाहेर आले. भगवानराव हात धुवायला मागे गेले होते. मी एका दमात बोलून टाकलं, अगदी पहिलीतल्या मुलीने कविता म्हणावी तसं. सरांचे पसरलेले हात हळूहळू खाली आले. शिंप्याने "टाचणी, टाचणी" म्हणून सावध केलं, पण त्यांना ते ऐकू गेलं नाही.

"तिसऱ्या ताऱ्याशी ताडलंस?"

"दहा ताऱ्यांशी, सर."

"मी पहिल्या वर्षी ताडला होता तो दगड. चार-पाच रात्री. तेव्हा तर स्थिर होता."

"त्या रात्री ग्रहण नसेल, सर. रोज कुठे असतं?"

सरांनी चपला घातल्या आणि ते निघाले. एका बाहीच्या कोटात, टाचण्यांसकट, भर दुपारी, बाजारपेठेतून. मागे मी आणि माझ्या मागे शिंपी, दुसरी बाही हातात धरून. लोक नमस्कार करत होते. एकाने विचारलं, "काय म्हणती उचकी?" सर त्याच्याकडे न बघता पुढे गेले. त्या गावात सरांनी या प्रश्नाला उत्तर दिलं नाही असं पहिल्यांदाच घडलं असावं.

कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी एकेक चित्र स्वतः मोजलं. मला हात लावू दिला नाही. मी त्यांच्या मागे उभी होते आणि मला त्यांच्या मानेचा मागचा भाग तेवढा दिसत होता. तो आधी लाल झाला, मग पांढरा पडला.

शेवटचं चित्र मोजून ते म्हणाले, "म्हणजे स्फोट नाहीतच."

"नाही, सर."

"मी सात कारणं दिली."

"हो, सर."

"सातवं तर फार सुंदर होतं गं."

सातवं खरंच सुंदर होतं.

"तू जरा बाहेर बस," ते म्हणाले.

मी आणि शिंपी पायरीवर बसलो. शिंप्याने विचारलं, कोणी गेलं का. मी म्हटलं, नाही, तारा चुकला. तो म्हणाला, मग ठीक आहे, माप तेच राहील. फाटकापाशी दत्तू कमानीखाली सावलीला झोपला होता. मला वाटलं, आपण हे काय करून बसलो. माझ्या प्रबंधाची निम्मी पानं रद्दीत गेली होतीच, पण त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं. आत एक माणूस एकटा बसला होता आणि आतून काहीच आवाज येत नव्हता.

मग आवाज आला. सर हसत होते. आधी मला वाटलं रडताहेत, म्हणून मी धावत आत गेले. ते खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसत होते आणि पोट धरल्यामुळे त्यांना टाचण्या टोचत होत्या.

"वैजयंती, तो परदेशातला तपासनीस आठवतो का? ज्याने माझा लेख परत पाठवला? त्याने लिहिलं होतं, तुमचा तुलनेचा तारा एकदा तपासून बघा. आणि मी घरी येऊन इंदूला काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, लोक जळतात आपल्यावर."

"सर, सोहळा पुढे ढकलायचा का? तब्येतीचं कारण सांगता येईल."

"ढकलायचा?" त्यांनी डोळे पुसले. "अगं, इतकी वर्षं लोक मला विचारतात, सर, उचकी का लागते? मला एकदाही नीट उत्तर देता आलं नाही. सात कारणं देतो त्या माणसाला एकही माहीत नसतं. रात्री झोप यायची नाही मला. आणि आज कुठे कारण सापडलं, सगळा तालुका ऐकायला येतोय, आणि तू म्हणतेस ढकलू?" ते उठले. "फक्त एक कर. भगवानरावांना आधी सांगू नकोस. ते भाषण बदलतील. फार मन लावून पाठ केलंय त्यांनी."

सोहळा दिवेलागणीला सुरू झाला. मैदान भरलं होतं. फेटे बांधून झाले, शाल-श्रीफळ झालं. भगवानराव उचकीवर बोलले आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. विजेची घोषणा मात्र त्यांनी राखून ठेवली होती. सरांचं भाषण झालं की करतो म्हणाले. मी पहिल्या रांगेत काकूंच्या शेजारी बसले होते. वीज आली नाही तर कॅमेरा बॅटरीवर किती दिवस चालणार होता?

सर उठले. दोन्ही बाह्यांचा कोट त्यांना शोभून दिसत होता.

"मंडळी," ते म्हणाले, "माझ्या ताऱ्याला उचकी लागत नाही. कधीच लागली नव्हती. माझं चुकलं."

भगवानरावांचा हात फेट्याकडे गेला.

सरांनी मांडववाल्याकडून दोन गॅसबत्त्या मागवल्या, दोन स्टुलांवर ठेवल्या आणि मांडवातले दिवे बंद करायला लावले. "ही डावी बत्ती माझा तारा. ही उजवी, शेजारचा. हा न बदलणारा असं धरून मी त्याच्याशी माझा तारा ताडत आलो. आता भगवानराव, जरा इकडे या. या उजव्या बत्तीभोवती सावकाश फेऱ्या मारा."

भगवानराव अंगाने भरदार. आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पण एवढ्या लोकांसमोर सरांना नाही म्हणणं शक्य नव्हतं. ते धोतराचा सोगा सावरत बत्तीला प्रदक्षिणा घालू लागले. मागच्या बाजूने गेले, बत्ती लख्ख. पुढे आले, बत्ती त्यांच्या पाठीमागे गडप झाली आणि अर्धं मैदान काळोखात गेलं.

अंधारातून कोणीतरी म्हणालं, "चेअरमन आडवं आलं, उजेड गेला."

संघाची निवडणूक तोंडावर होती. असा हशा मी त्याआधी आणि त्यानंतर ऐकला नाही. बायकांच्या बाजूला तर पदर तोंडात घालूनही आवरत नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्या मोजून हसत होत्या, पण हसत होत्या. भगवानराव बत्तीच्या पुढेच थबकले, त्यामुळे ग्रहण जरा लांबलं.

"सर," ते जड आवाजात म्हणाले, "मी यात कोण? मोठा तारा का ल्हान?"

सर शास्त्राच्या बाबतीत भीड ठेवणारे नव्हते. "आकाराने मोठा, भगवानराव. पण अंधुक."

पुन्हा मैदान फुटलं. मी डोळे मिटून घेतले. माळाची वीज गेली, असं मनात म्हटलं.

हशा ओसरल्यावर सर म्हणाले, "आणि बघा, इतक्या वेळात ही डावी बत्ती काय करत होती? काही नाही. गप जळत होती. शेजारची मंद झाली की मला वाटायचं, हीच उजळली. हे मला कळलं नाही. ते हिने शोधलं. वैजयंती, वर ये."

मी वर गेले. काय बोलले ते आठवत नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "पोरी, म्हंजी तारा आपला न्हायच का?" मी म्हटलं, "आजोबा, दोन्ही आपल्या माळावरूनच दिसतात." त्यावर तो समाधानाने खाली बसला. माझ्या पहिल्या शास्त्रीय व्याख्यानाला मिळालेली ती पावती.

शेवटी भगवानरावांनी माइक हातात घेतला. फेटा नीट केला.

"सरांनी माझं भाषण पाण्यात घातलं," ते म्हणाले. "वर मला अंधुक म्हटलं. आता माळावर वीज द्यावी का न्हाय?"

"द्या, द्या," लोक ओरडले.

"देतोच. न दिऊन करतो काय? उद्या म्हणाल, चेअरमन आडवं आलं."

महिनाभरात माळावर खांब उभे राहिले. निवडणूकही त्यांनी जिंकली.

मी प्रबंध नव्याने लिहिला. आता विषय शेजारचा तारा होता. त्याच्या जोडीदाराचा आकार, वजन, फिरण्याचा काळ. सरांनी मोजलेल्या जुन्या उचक्या सगळ्या कामाला आल्या, फक्त उलट्या करून. आणि ताडून बघायला न बदलणारा तारा हवा होता, तो मी सरांचाच घेतला. सर निवृत्त झाल्यावरही माळावर यायचे, घुमटाला खांदा लावायचे आणि आपल्या ताऱ्याकडे लक्ष ठेवायचे. खाली आल्यावर मोठ्या खुशीत सांगायचे, "आजही काही केलं नाही त्याने."

लेख बाहेर पाठवला. तीन महिन्यांनी तपासनिसाचा प्रश्न आला: तुम्ही तुलनेसाठी घेतलेला तारा स्थिर आहे, हे कशावरून? मी चिडून सरांकडे गेले. ते काकूंबरोबर ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते.

"योग्य विचारलंय," सर म्हणाले. "लिही. या ताऱ्याने काहीतरी करावं म्हणून एका माणसाने बारा वर्षं देव पाण्यात ठेवले होते, तरी त्याने काही केलं नाही. याहून मोठा पुरावा नाही."

मी लिहायला घेतलं आणि अडले. "सर, देव पाण्यात ठेवणं याला इंग्रजीत काय म्हणू?"

सरांनी एक शेंग फोडली, दाणे काकूंच्या सुपात टाकले आणि विचार केला.

"ऑब्झर्व्हेशन," ते म्हणाले.